आराखडा परत आला : ‘स्थलांतरामुळे शिक्षणावर परिणाम होतो’ ही परिकल्पना का नाही?

तोरणमाळ

नमस्कार मंडळी. मी शहाद्याची, समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं शिक्षण हा विषय. दिवाळी सरली की मुकादमाच्या गाड्या लागतात, आणि पाड्यावर म्हातारी माणसं, कोंबड्या आणि कुलपं एवढंच उरतं. लहानपणापासून हे बघत आले, म्हणून हा विषय घेतला. दुसरा कुठला घ्यावा असं कधी वाटलंच नाही.

आराखड्यात मी सहा गृहीतकं लिहिली होती. त्यातली तीन देते. ‘स्थलांतरामुळे मुलांच्या शिक्षणावर विपरीत परिणाम होतो.’ ‘स्थलांतरित पालक शिक्षणाबाबत उदासीन असतात.’ ‘शासकीय योजना तळागाळापर्यंत पोहोचत नाहीत.’ समितीने आराखडा परत पाठवला. वर लाल शाईत एकच ओळ : ‘ही गृहीतके नसून मते आहेत.’ पुढे काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. ग्रंथालयातले जुने प्रबंध उघडून बघितले, तर सगळ्यांत अशीच वाक्यं आहेत आणि शेवटच्या प्रकरणात ‘गृहीतक सिद्ध झाले’ असंही छापलं आहे.

मग माझ्या वाक्यांत चूक काय? जाणकारांनी कृपया समजावून सांगावं. दोन दिवस काही सुचत नाहीये.

---

आकडेमोड

ताई, आधी शब्दाचंच बघू. निम्मा घोळ तिथे आहे.

नववीच्या भूमितीत आपण ‘युक्लिडची गृहीतके’ शिकलो. तिथे गृहीतक म्हणजे न तपासता मान्य करायचं विधान. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हे सिद्ध करा असं कोणी म्हणत नाही, ते धरून पुढे चालायचं असतं. संशोधनात जे तपासायला घेतो ते याच्या अगदी उलट आहे. त्यासाठी मराठीत परिकल्पना, अभ्युपगम, गृहीतकृत्य असे शब्द आहेत. पण बरेच प्रबंध दोन्हीला सरसकट ‘गृहीतक’ म्हणतात. मग विद्यार्थ्याच्या मनात नकळत बसतं की हे खरंच आहे, आपण फक्त पुरावे जोडायचे.

तुमच्या अभ्यासात गृहीतकंही असणार. हजेरीपट बऱ्यापैकी खरा भरलेला आहे हे तुम्ही गृहीत धरता. पालक प्रश्न समजून उत्तर देतात हेही. ती वेगळी लिहा. ज्याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं आणि आलं तर तुम्हाला ते मान्य करावं लागेल, ती परिकल्पना. या धाग्यावर मी तोच शब्द वापरणार आहे.

---

पांझरेकाठचे_नाना

बेटा, लाल शाईने खचू नको. तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं, मना अनुभव सांगस.

तुझं पहिलं वाक्य घे. ‘शिक्षणावर विपरीत परिणाम होतो.’ शिक्षण म्हणजे काय मोजणार? पटावरचं नाव, हजेरीचे दिवस, पाचवीच्या पोराला दुसरीचा धडा वाचता येणं, की आठवीनंतर पुढे जाणं? ही चार वेगळी मापं आहेत आणि चारही वेगवेगळ्या दिशेला जाऊ शकतात. स्थलांतर म्हणजे तरी काय? आई-बाप दोघं गेले, की बापच गेला? पोरगं सोबत गेलं, की आजीपाशी राहिलं? चार महिने, की सहा? याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. ती नसली की वाक्य कितीही खरं वाटो, त्याला कुठून पकडायचं तेच कळत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट : तुझं वाक्य खोटं ठरेल असा एक तरी प्रसंग डोळ्यांसमोर आण. समज, गेलेली पोरं आणि राहिलेली पोरं सारखीच वाचतात असं दिसलं. मग तू म्हणशील, परिणाम मनावर झाला. मनावरही नाही दिसला, तर म्हणशील पुढे होईल. असं वाक्य कुठल्याच पाड्यावर हरत नाही, आणि जे हरूच शकत नाही त्याला तपासणार कसं? तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये विज्ञानाची ओळख म्हणून हीच खूण सांगितली. विधान खोटं ठरण्याची वाट उघडी असली पाहिजे.

आमच्या पांझरेवरच्या फड पद्धतीचं उदाहरण देतो. साक्री-धुळ्याकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बंधाऱ्याचं पाणी स्वतः वाटून घेत आले. ‘फड पद्धत हा लोकसहभागाचा उत्तम नमुना आहे’ हे माझं मत आहे, मनापासूनचं आहे, पण ते तपासता येत नाही. ‘ज्या बंधाऱ्यावर पाटकरी (पाणी सोडणारा माणूस) लाभधारकांनी नेमलेला आहे, तिथे शेवटच्या शेताच्या पाळ्या कमी चुकतात’ ही परिकल्पना. यात दोन चल, म्हणजे बदलू शकणाऱ्या गोष्टी, आहेत : पाटकरी कोणी नेमला, आणि पाळ्या किती चुकल्या. पाळ्या मोजता येतात. शेवटच्या शेतावर जाऊन उभं राहिलं की झालं. निकाल माझ्या विरुद्धही जाऊ शकतो.

तुझ्या तिसऱ्या वाक्यातला ‘तळागाळ’ काढून टाक. तो भाषणातला शब्द आहे.

---

केळीचं_पान

मी शेतकरी माणूस, रावेर तालुक्यातला. संशोधक नाही, पण दुसऱ्या बाजूने बोलतो. आम्हीच ते ‘उत्तरदाते’.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी बागेत आला. केळीची काढणी चालू होती, गाडी भरत होतो, तरी बसवलं, चहा दिला. त्याचा पहिलाच प्रश्न : ‘ठिबक सिंचनामुळे उत्पन्न वाढते असे आपणास वाटते का? होय / नाही.’ मी होय म्हणालो. माझ्यानंतर शेजारी, त्याच्यानंतर त्याचा चुलतभाऊ, सगळे होय. पुढे त्याने सांगितलं की त्याचं गृहीतक सिद्ध झालं.

मला त्या दिवसापासून चुटपुट लागून आहे. आमच्या म्हणण्यावरून फार तर एवढंच कळलं की आम्हाला तसं वाटतं. ठिबक कोणी बसवलं? ज्याची विहीर बरी, जमीन जास्त, बँकेत पत आहे त्याने. त्याचं उत्पन्न ठिबकाआधीही जास्तच होतं. पोराने ना पावत्या मागितल्या, ना घडाचं वजन विचारलं, ना आधीच्या वर्षाचं काही. मागितलं असतं तर सगळं दिलं असतं, वह्या जपून ठेवलेल्या आहेत. आम्ही वेळ देतो तो कामाचा असतो. तो असा वाया गेला की वाईट वाटतं.

---

आकडेमोड

केळीचं_पान दादा, तुम्ही बोट ठेवलंत ती आपल्याकडच्या प्रबंधांतली सगळ्यात सर्रास चूक आहे. परिकल्पनेच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावायचं, ती लोकांच्या हातात द्यायची आणि होकार मोजायचे. होकाराची टक्केवारी म्हणजे पुरावा नाही. आणि विहीर-जमीन-पत हा जो तिसराच घटक मागे उभा असतो, त्याला धरल्याशिवाय दोन गटांची तुलना फसवी निघते.

तोरणमाळ ताई, तुमच्या प्रश्नावलीत ‘स्थलांतरामुळे मुलांचे नुकसान होते असे वाटते का’ असलं काही असेल तर आजच काढा.

---

तोरणमाळ

आहे. प्रश्न क्र. १४. काढते.

---

डोंगरातला_मास्तर

ताई, मी तुमच्याच पट्ट्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. हजेरीपट कसा दिसतो ते सांगतो, कारण तुमचा सगळा अभ्यास त्याच्यावर उभा राहणार आहे.

जून ते ऑक्टोबर पान भरलेलं असतं. दिवाळीनंतरच्या महिन्यात निम्म्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग सुरू होते, ती एकसारखी, खाडा न पडता. काही नावांपुढे मी पेन्सिलने बारीक ‘स्थ’ लिहितो, म्हणजे स्थलांतर. मग होळी येते. होळीला आमच्याकडचा माणूस कुठेही असो, तो येतोच. त्या आठवड्यात तीच नावं अचानक हजर. होळी झाली की पुन्हा रिकामी. मे महिन्यात सगळे परत येतात तेव्हा शाळेला सुट्टी.

आता यातल्या कोणत्या मुलाने ‘शाळा सोडली’? पटावर नाव आहे, जूनमध्ये ते पुन्हा येणार आहे. आपल्या राज्याच्या व्याख्येप्रमाणे सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य ठरतं. त्या हिशेबाने डिसेंबरात माझी अर्धी शाळा शाळाबाह्य आणि जुलैत एकही नाही. तुम्ही कोणत्या महिन्यात येता त्यावर तुमचा निष्कर्ष ठरेल. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं शिक्षण हमी कार्ड घेऊन गेलेलं मूल तिकडच्या शाळेत बसलं की नाही, हेही आमच्या पटावरून कळत नाही.

‘पालक उदासीन’ हे वाक्य मात्र मला लागलं. जाताना बाप माझ्या दारात येऊन सांगतो, गुरुजी, नाव काढू नका. उदासीन माणूस हे सांगायला कशाला येईल? मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. गेल्याशिवाय गत्यंतर नसतं.

---

तोरणमाळ

गुरुजी, दुसरं वाक्य मी आत्ताच खोडलं. मी ते एका सरकारी अहवालातून उचललं होतं, स्वतः कुठेही तसं बघितलेलं नव्हतं. याची खंत वाटते.

नाना, दादा, सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहून बघितलं : ‘स्थलांतर करणाऱ्या ज्या कुटुंबांत गावी थांबणारी आजी किंवा आजोबा आहेत, त्या कुटुंबांतल्या मुलांचे नोव्हेंबर ते एप्रिल या काळातले हजेरीचे दिवस, असे कोणी नसलेल्या कुटुंबांतल्या मुलांपेक्षा जास्त असतात.’ दोन्ही गटांत स्थलांतरितच कुटुंबं घेतली, म्हणजे गेलेले आणि न गेलेले अशी भलतीच तुलना होणार नाही. चालेल का?

आणि शून्य परिकल्पना म्हणजे काय, ती का लिहायची, हे मला खरोखर कळलेलं नाही. परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं.

---

आकडेमोड

परिकल्पना चांगली जमली आहे. दिशाही आहे, ‘जास्त असतात’ असं तुम्ही ठामपणे म्हणताय.

शून्य परिकल्पना भरताने समजावतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये ही कल्पना दुधाच्या चहावरून मांडली, पण आपल्याला भरीत जवळचं. समजा माझी आजी म्हणते, पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि गॅसवरचं, मी नुसतं चाखून ओळखते. आपण आठ वाट्या ठेवतो, चार पऱ्हाट्यांच्या, चार गॅसच्या, सरमिसळ करून. तिला चार निवडायला सांगतो. शून्य परिकल्पना म्हणते : आजीला काही कळत नाही, ती अंदाज मारते आहे. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० त १. म्हणून चारही बरोबर आले तर ‘अंदाज मारते’ हे म्हणणं टिकवणं अवघड जातं. पण तीन बरोबर, एक चूक? तसं नुसत्या अंदाजाने ७० पैकी १६ वेळा होतं. तेवढ्यावरून शून्य परिकल्पना नाकारता येणार नाही.

नीट बघा, तीन बरोबर आल्याने आजीला काही कळत नाही हेही सिद्ध झालं नाही. आठ वाट्या पुरल्या नाहीत, एवढंच. त्यामुळे प्रबंधात ‘शून्य परिकल्पना सिद्ध झाली’ असं कधीही लिहू नका. ‘नाकारता आली नाही’ असं लिहा. आणि ‘नाकारली’ म्हणजे तुमची परिकल्पना कायमची खरी ठरली असंही नाही. ‘काहीच फरक नाही’ हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अजून एक. वाट्या किती, किती बरोबर आल्या तर मानायचं, हे आजीने चाखायच्या आधी ठरलं पाहिजे. तसंच तुमची परिकल्पना तारीख घालून आधी लिहून ठेवा. आकडे हातात आल्यावर, जे जुळलं तेच आपण आधीपासून म्हणत होतो असं लिहायचा मोह भल्याभल्यांना होतो.

---

भुलाबाई

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. परिकल्पना लागतेच असं कोणी ठरवलं? मी स्त्रियांच्या मुलाखतींवर काम करते. ठरवलेलं वाक्य घेऊन गेलं की बाई जे सांगते त्यातलं त्या वाक्यापुरतंच ऐकू येतं, बाकीचं गळून जातं. समाजशास्त्रज्ञ ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं, की सिद्धान्त माहितीतून वर येऊ द्या, वरून लादू नका. तोरणमाळने आधी पडावावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुक्कामावर, जाऊन चार दिवस राहावं. कोपीतली (झोपडीतली) बाई पहाटे कधी उठते, मूल कुठे ठेवते, कोण सांभाळतं, हे बघावं. आजी-आजोबांचं तिला पाड्यावरून सुचलं. पडावावरून कदाचित वेगळंच सुचेल.

---

पांझरेकाठचे_नाना

भुलाबाई ताईंचं म्हणणं मला पटतं, एका अटीवर. ऐकून, राहून जे सुचेल ते शोधणं झालं. ते तपासायचं असेल तर दुसऱ्या पाड्यांवर जायचं. ज्या चार घरांवरून कल्पना सुचली, त्याच चार घरांवर ती खरी ठरली म्हणणं म्हणजे स्वतःच काढलेला पेपर स्वतःच तपासणं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालमधल्या पिकांच्या पाहण्यांत मोठ्या पाहणीआधी छोटी चाचणी पाहणी घ्यायची शिस्त घालून दिली. तू तीन-चार पाडे नुसते ऐकण्यासाठी ठेव आणि मोजणीतून ते वगळ.

ज्यांना परिकल्पना नको त्यांनी संशोधन-प्रश्न लिहावा आणि तसं उघड सांगावं. आराखड्याच्या छापील नमुन्यात रकाना आहे म्हणून सहा वाक्यं भरू नयेत. एक भरली तरी पुरे.

---

डोंगरातला_मास्तर

भुलाबाई ताईंचं वाचून रात्री हजेरीपट काढून बसलो. एक गोष्ट डोळ्यांत भरली, ती सांगतो. पाचवीतली एक मुलगी. घरी आजी आहे, धडधाकट आहे, धाकटा भाऊ आजीपाशी राहून रोज शाळेत येतो. मुलगी मात्र दिवाळीपासून गेली. का? आईच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ आहे. आई-बाप मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. आई तोडायला उभी राहिली की बाळाला सांभाळायला पडावावर कोणीतरी हवं. ती ‘कोणीतरी’ म्हणजे ही मुलगी.

मग आजी असण्याचा उपयोग फक्त मुलग्याला झाला की काय? एका घरावरून मी काही ठरवत नाही. पण तुमच्या परिकल्पनेत मुलगा-मुलगी हा फरकच नाही, म्हणून सांगावंसं वाटलं.

---

पांझरेकाठचे_नाना

मास्तर, हे लाखमोलाचं आहे. आता तोरणमाळकडे एकमेकींशी भांडणाऱ्या दोन परिकल्पना झाल्या. एक म्हणते, मागे सांभाळणारं माणूस असलं की मूल राहतं. दुसरी म्हणते, पुढे सांभाळायला बाळ असलं की मुलगी जाते. बहुतेक घरांत दोन्हींचं भाकीत एकच येईल, त्यामुळे ती घरं निकाल देणार नाहीत. ज्या घरात आजीही आहे, कडेवर बाळही आहे आणि दहा-बारा वर्षांची मुलगीही आहे, तिथे दोघींची वाट फुटते. पहिली म्हणते मुलगी गावी दिसेल, दुसरी म्हणते पडावावर दिसेल. बेटा, ती घरं शोध. निकाल तिथे लागणार आहे.

---

आकडेमोड

नानांशी पूर्ण सहमत, पण अशी घरं थोडी सापडतील, म्हणून आधीपासून सावध राहा. काय-वर्ग कसोटी (तक्त्यातल्या दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते बघणारी) लावताना तक्त्याच्या कुठल्याही चौकटीत अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली की कसोटीवर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे जास्त पाडे घ्यावे लागतील. संख्या खूपच कमी राहिली तर फिशर यांचीच अचूक कसोटी वापरा. वरच्या भरताच्या वाट्यांचा हिशेब आहे ना, तीच.

दुसरा इशारा. घर-घरची माहिती गोळा करणं कष्टाचं आहे, म्हणून तालुक्याचे नाहीतर जिल्ह्याचे आकडे घेऊन काम उरकावंसं वाटेल. तसं करू नका. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या ६९ टक्के, जळगावची साक्षरता ७८ टक्के आणि जमाती १४ टक्के. हे शेजारी ठेवून कोणी आदिवासी कुटुंबांच्या शिक्षणाच्या ओढीबद्दल निष्कर्ष काढला, तर तो चुकीच्या पायावर उभा आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवलं. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसत होती. माणूस-माणूस बघितला तर परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षर जास्त होते. ते लोक आधीच शिकलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. प्रदेशाचा आकडा माणसाला चिकटवता येत नाही. तुमचा प्रश्न मुलीचा आहे, तर मोजणीही मुलीचीच हवी.

---

केळीचं_पान

ताई, एक विनंती. त्या आजीला ‘तुमच्यामुळे नातवंडं शाळेत जातात का’ असं विचारू नका. काल सकाळी कोण जेवायला होतं, कोण कुठे झोपलं, एवढं विचारा. त्याचं उत्तर माणूस खरं देतो.

---

तोरणमाळ

दादा, तुमचा प्रश्न जसाच्या तसा घेतला आहे. ‘काल रात्री या घरात कोण कोण झोपलं’ हाच आता पहिला प्रश्न.

काल रात्री बसून आराखडा नव्याने लिहिला. सहाच्या जागी दोनच परिकल्पना आहेत, नानांनी सांगितल्या तशा समोरासमोर उभ्या. ‘शाळेत असणं’ म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल हजेरीपटावरचे दिवस, होळीचा आठवडा वेगळा काढून. मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते वेगळे. गृहीतकं स्वतंत्र पानावर लिहिली, त्यात पहिलंच ‘हजेरीपट खरा भरला आहे’. हमी कार्डावर तिकडे शाळेत बसलेली मुलं यात सुटतात, तेही मर्यादा म्हणून लिहिलं. चार पाडे फक्त ऐकण्यासाठी ठेवले आहेत, आणि भुलाबाई ताई, जानेवारीत गुजरातमधल्या बारडोलीकडच्या पडावावर जाऊन राहायचं नक्की केलं आहे. ओळखीच्या एका कुटुंबाने कोपीत जागा देऊ केली आहे. कागदावर तारीख घालून, सही करून मार्गदर्शकांकडे पाकिटात ठेवायला दिला.

एकच अडलं आहे. ‘शाळा सोडली’ आणि ‘शाळेत जात नाही’ यात पावरी (इकडच्या पावरा आदिवासींची बोली) बोलणारी बाई फरक करते का, की दोन्हींना एकच शब्द? प्रश्नावलीचं मराठीतून पावरीत तिथल्या तिथे तोंडी भाषांतर करायला नको वाटतं.

---

डोंगरातला_मास्तर

माझ्या शाळेतल्या स्वयंपाकीण मावशी पावराच आहेत. त्यांच्यासमोर एकेक प्रश्न वाचून बघू, त्या कसं विचारतात ते तसंच लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात या, पण बाजाराचा दिवस टाळून. त्या दिवशी एकही आजी घरी सापडत नाही.